चिऊ, तुझा रोप कोण धरतंय?

प्रिय चिऊ,

तुझ्या क्लाइंबिंगचे फोटो मिळाले. आईने सिरियल बंद करून एकेक मोठा करून बघितला. तिला ते ग्रांडे ग्रोता गुहेचं छत, वरून लोंबणारे दगडी खांब, समोरचं तेलेंडोस बेट यातलं काही दिसतच नाही, तिचा एकच प्रश्न, "हिचा रोप खाली कोण धरतंय?" म्हटलं ती पोलंडची मुलगी. तर म्हणे, "किती बारीक आहे ती, आपली पडली तर तीच वर खेचली जाईल." हसू नकोस, आई टेक्निकली बरोबर बोलतेय.

दोन आठवडे म्हणून ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर गेलीस आणि आता शेंगेन व्हिसाचे 90 दिवस संपत आले. कधी येणार हे मी विचारत नाहीये (आई विचारेल). पण शेजारच्या कोस बेटावरून बोटीने तुर्कस्तानात बोद्रुम आणि मग अंताल्याजवळच्या त्या गेयिकबायरीला क्लाइंबिंगला जाणार म्हणतेस, तर बरोबर कोण कोण ते कळव. तो चिलीचा दाढीवाला असेल तर बरं, मागे तुला ताप आला तेव्हा चार दिवस क्लाइंबिंग सोडून सूप करत बसला होता ना, असा माणूस बिलेला, म्हणजे खाली रोप धरायला, चालतो.

पाठवलेला स्पंज पोचला. आईने शोकेसमध्ये ठेवलाय, वापरायला जीव होत नाही. मी मात्र त्यावरून वाचत बसलो. तुम्ही पोरं यायच्या कितीतरी आधी ते बेट स्पंज काढणाऱ्यांचंच. जुने पाणबुडे म्हणे जड चपटा दगड हातात धरून बुडी मारायचे, दगडाला दोरी, आणि वर नावेत ती दोरी धरून एक जण, खालून झटका आला की ओढायचं. पुढे 19व्या शतकात हवेची नळी लावलेला सूट आला, माणसं जास्त खोल जास्त वेळ राहायला लागली आणि घाईने वर येऊन लुळी पडली, कितीतरी गेली. तो नावेतला माणूस काही माझ्या डोक्यातून जाईना.

आणि मग आमच्या क्लाइंबिंगच्या ग्रुपमधला दिलीपकाका आठवला. तैलबैलाच्या भिंतीवरून मी हात सुटून पडलो तेव्हा रोप त्याच्याकडे होता, खांद्यावरून बिले द्यायचो आम्ही, हातमोजे कुठले, त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले पण सोडला नाही. पंधरा दिवस त्याची आई त्याला भरवत होती. आणि असल्या माणसाशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो, कारण काय तर ग्रुपचा रोप कोणाच्या घरी ठेवायचा. लाज वाटते लिहायला.

काल रात्री फोन लावला. आधी दोघंही गप्प, मग तो एकदम म्हणाला, "पोरगी कुठंय?" सगळं सांगितलं, फोटो पाठवले. अर्ध्या तासाने त्याचाच फोन, चष्मा लावून बघितले असणार. म्हणाला तिथे रूट लांब दिसतायत, रोप 70 मीटरचा आहे की 80चा ते विचार, आणि तिला सांग, खालच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कोणाला लोअर करायचं नाही, म्हणजे रोपने खाली सोडायचं नाही.

तर गाठ मारत जा. आणि रोप कितीचा आहे ते कळव, तो पुन्हा विचारेल.

बाबा