शुक्रवार रात्रीच्या आत

बुधवार, रात्री

प्रिय मित्रा,

फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. नशा सोड असं आज म्हणणार नाही. ते मी सहा वर्षं ऐकलं, त्यानं माझी एक सुई कमी झाली नाही.

काल रात्रीचं सांगताना तू म्हणालास, "सुई माझी नवी होती." मी चमच्याचं विचारलं आणि तू गप्प झालास. अरे, त्या चमच्यासमोर मीही बसलोय. सगळ्यांचा माल एकाच चमच्यात, त्यातच भिजलेला कापसाचा बोळा, आणि सिरिंज धुवायला एकच पेला. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत पाण्याला गुलाबी झाक यायची. आम्हाला ती दिसायची, तरी तेच पाणी ओढायचो. तलफ लागली की दुसरं काही सुचतच नाही.

त्या पाण्यातून एचआयव्ही येऊ शकतो, हेपटायटिस सी तर त्याहून सहज. सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्तात एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत टिकलेला प्रयोगांत दिसलाय. नुसत्या पाण्यानं खळबळून तो जाईलच असं नाही.

पण अजून वेळ आहे. पीईपीच्या गोळ्या, म्हणजे असं काही घडल्यावर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस न चुकवता घ्यायच्या. तुझे ७२ तास शुक्रवारी रात्री संपतात. डॉक्टरांना सगळं खरं सांग, चमच्याचंसुद्धा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातावरच्या खुणा बघून नर्सनं खुर्ची मागे घेतली. मी उठून आलो आणि चार महिने फिरकलो नाही. तुझ्याशी कुणी तसं वागलं तर तू उठू नकोस, मी बोलेन.

माझा रिपोर्ट तुला माहीत आहे. रोज गोळी घेतो, आता चाचणीत विषाणू सापडतही नाही. मी चांगला जगतोय. तरी ही गोळी तुला जन्मभर लागू नये असं फार वाटतं.

आणि पुढे टोचलंसच, तर सुई, सिरिंज, चमचा, कापूस, पाणी, सगळं तुझं एकट्याचं. सुईबदल केंद्रावर नवं मिळतं. १९८४ मध्ये ॲम्स्टरडॅमला हे काम नशा करणाऱ्यांच्याच संघटनेनं सुरू केलं होतं, आपल्यासारख्यांनी. मला त्याचा अभिमान वाटतो. तलफ आवरायला जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी असते, तेही उद्या विचारू.

सकाळी नऊला येतो. दार उघड.

तुझाच