रविवार सकाळबद्दल

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा नुसतं ‘बरं’ म्हणतात आणि आई दुसरंच काही विचारते, म्हणून पत्र.

पुढच्या आठवड्यापासून मी रविवारी सकाळी येण्याऐवजी शनिवारी संध्याकाळी येईन. रविवारची सकाळ मी कॅमेऱ्यासाठी ठेवली आहे. घरी बोलून झालंय, ठरलंय.

तुमच्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. नोकरी सोडत नाहीये. स्टुडिओ काढत नाहीये, लग्नाच्या ऑर्डरी घेणार नाहीये. कॅमेरा जुनाच घेतलाय, हप्ते नाहीत. बाबा, काकांचं जे झालं तसं काही होणार नाही. तुम्ही बोलला नाहीत, तरी कळलं मला.

सकाळच का, दुपारी का नाही, हेही सांगते. सूर्य डोक्यावर आला की माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, चेहरा आजारी दिसतो. उगवल्यानंतरचा तासभर ऊन तिरपं येतं, जास्त हवेतून येतं, त्यातला निळा रंग वाटेतच विखुरतो आणि उरतो तो सोनेरी. आठवडाभर त्या वेळी मी डबे भरत असते, सोनूची वेणी घालत असते. शनिवारी ऑफिसचे फोन असतात. उरतो रविवार. तुम्हाला टाळून काढलेला वेळ नाही हा, खरंच नाही.

आई, तू ‘या वयात हे काय खूळ’ म्हणालीस ना? ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन म्हणून एक बाई होती, कलकत्त्यात जन्मलेली. १८६३ साली, ४८ व्या वर्षी तिला पहिला कॅमेरा मिळाला, तोही लेक-जावयानं दिलेला. तिनं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला. रसायनांनी हात काळे व्हायचे. मी कपाटातला एक कप्पा फक्त मागितलाय.

आणि हे खूळ आलं कुठून, बाबा? ३६ फोटोंचा रोल तुम्ही कसा पुरवून वापरायचात. ‘एकच काढणार, हलू नका’ म्हणालात की मी श्वाससुद्धा रोखून धरायचे. धुऊन आलेल्या निगेटिव्हची पट्टी मी खिडकीशी धरली आणि त्यात आईचे केस पांढरेफटक दिसले, तेव्हा किती रडले होते मी! आई, तू मला मांडीवर घेऊन म्हणालीस, ‘अगं, अजून खूप वेळ आहे त्याला.’

मला आता तुझे फोटो काढायचेत, केसांना काही न लावता. खिडकीजवळ बसायचं, बस. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स आहे माझ्याकडे. खोलीतल्या उजेडातही चालते, फ्लॅश लागत नाही, त्यामुळे तुझ्या डोळ्यांवर झगझगाट येणार नाही.

डोळ्यांवरून आठवलं. रविवारचे थेंब घालायला तुमचे जावई येतील, सोनूही येईल. त्यांना हात धुवायची आठवण करू नका, मी बजावलंय. पण मध्येच कधी बाबांना आईच्या डोळ्यांत घालावे लागले तर खालची पापणी हलकेच ओढायची, एकच थेंब, मग डोळा मिटून ठेवायचा. दुसऱ्या बाटलीतला थेंब निदान पाच मिनिटांनी. घाई नको. बाबांचा हात जरा थरथरतो म्हणून कुणी चिडायचं नाही, आई. आठवड्याच्या गोळ्या मी शनिवारीच डबीत भरून ठेवीन, बीपीची वही पाहीन, गरम पाण्याची पिशवी गळतेय ती बदलून आणीन. रविवारी दुपारी फोन करीनच, तेव्हा दोघांनी बोलायचं, एकमेकांना हात करून ‘तू बोल, तू बोल’ नाही.

तो जुना अल्बम भिंतीला ओल धरलेल्या कपाटात आहे, तो मला हवाय. चिकट पानांवरचे फोटो ओढून काढू नका, फाटतात. निगेटिव्ह सदऱ्याच्या टोकानं पुसायच्या नाहीत, बाबा, चरे पडतात. कडेला धरायच्या. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, पेन नको. आणि अल्बम वरच्या फळीवर आहे, तेव्हा स्टुलावर चढायचं नाही. दोघांपैकी कुणीही नाही. शनिवारी सहाला येते, मी काढीन.

तुमची,
छकुली