ताई, तुमच्या वहीतली ती ओळ

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. मनातल्या मनात आभार मानून माझं समाधान होईना. काल आमच्या स्ट्रॉबेरीची बंगळूरची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली. एकही पेटी फेकलेली नाही, एकाही पेटीचा दर कापलेला नाही. पट्टी हातात घेऊन मी ओट्यावर बसले आणि मला रडू फुटलं. सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना वाटलं, पुन्हा माल गेला.

त्यांचं चुकलं नाही. चार हंगाम आमच्या घरात पट्टी आली की आधी सगळे गप्प व्हायचे. शंभर पेट्या गेल्या तर वीस-पंचवीस 'डॅमेज'. पंचवीस पेट्या म्हणजे आमच्या आठ बायकांची दोन दिवसांची तोडणी. पाचगणीच्या थंडीत बोटं आखडलेली असतात. देठाला नखाने खुडून, फळाला अंगठा लागू न देता एकेक फळ डबीत ठेवायचं आणि ते तिकडे जाऊन उकिरड्यावर पडायचं.

केळं हिरवं तोडून गाडीत पिकवता येतं, आंबा आढीत पिकतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. झाडावरून तोडली की तिची गोडी तिथेच थांबते, म्हणून ती लाल झाल्यावरच तोडावी लागते आणि लाल झाली की तिच्याकडे दिवस फार थोडे उरतात. फळात नव्वद टक्के पाणी, साल अशी नाहीच. एका फळावर राखाडी बुरशी धरली की शेजारची तीन फळं घेऊन जाते. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फोटो काढायला आलेल्या सगळ्यांना हे माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते.

तुमच्याआधी किती जण येऊन गेले, तेही लिहिते. मनात ठेवून त्रास होतो. एका कंपनीचा माणूस 'श्वास घेणारी पिशवी' म्हणून रोल विकून गेला. आम्ही गटाने पैसे काढून तो घेतला. साधं पॉलिथीन निघालं ते. फोन केला तर म्हणाला, तुमच्या मालातच दम नाही. एका कार्यालयाने प्रशिक्षण ठेवलं, दिवसभर पडद्यावर परदेशातली गोदामं दाखवली. मी उभी राहून विचारलं की आमच्याकडे गोदाम नाही, टेम्पो आहे, तर काय करायचं? उत्तर आलं की प्रश्नोत्तरं शेवटी. शेवटी जेवण झालं आणि सगळे पांगले. व्यापाऱ्याचं तर ठरलेलं वाक्य होतं, "काकी, पाणी जास्त दिलंत." पाऊस पडला तरी पाणी जास्त, नाही पडला तरी पाणी जास्त. इतक्या वेळा ऐकलं की मलाही तसंच वाटायला लागलं. मी रात्री ड्रिपचे कॉक तपासायला जायची. आपलंच काहीतरी चुकतंय, आपल्यालाच शेती येत नाही, असं घेऊन मी झोपत होते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा, खरं सांगते, मी चहासुद्धा मनापासून केला नव्हता. कुपवाडच्या एमआयडीसीत प्लास्टिकची फिल्म काढणाऱ्या कारखान्यातली एक मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची. ही काय करणार, असं मनात आलं होतं. तुम्ही ओट्यावर बसून एक डबी उघडलीत, एक फळ कानाजवळ धरलंत आणि आमच्या धाकट्याला म्हणालात, "हे अजून श्वास घेतंय, माहितीये?" पोरगा दिवसभर फळं कानाला लावत फिरला.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आता गटातल्या बायकांना सांगते. तोडलेलं फळ जिवंत असतं. हवेतला ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऊब आणि ओल सोडतं, आणि ह्या श्वासातच स्वतःला संपवत जातं. श्वास मंद केला की फळ टिकतं. पण कोंडला तर ते आतल्या आत आंबतं. फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या जाक बेरार ह्यांनी १८२१ सालीच दाखवलं होतं की ऑक्सिजन नसलेल्या हवेत फळ पिकायचं थांबतं, आणि फार वेळ गेला नसेल तर मोकळ्या हवेत आणल्यावर पुन्हा पिकू लागतं. पुढे १९२०च्या दशकात इंग्लंडात किड आणि वेस्ट ह्या दोघांनी सफरचंदांवर हवेचं प्रमाण बदलून बदलून पाहिलं. दोनशे वर्षं झाली ह्याला. आमच्या ओट्यावर यायला दोनशे वर्षं लागली आणि ती बातमी तुम्ही आणलीत.

आणि ते डबीवर लावायच्या फिल्मच्या भोकांचं. मला वाटायचं, प्लास्टिकला भोकं पाडली की हवा लागते, झालं. तुम्ही सांगितलंत की मोठी भोकं म्हणजे उघडी डबीच, फळ सुकून जातं. भोक नसलेल्या साध्या पॉलिथीनमधून कार्बन डायऑक्साइड हा ऑक्सिजनच्या कितीतरी पट वेगाने निसटतो, त्यामुळे तो आत साठत नाही. आणि स्ट्रॉबेरीला तोच साठलेला हवा असतो, पंधरा टक्क्यांच्या आसपास, कारण तेवढ्यात राखाडी बुरशीची वाढ मंदावते. म्हणून लेझरने पाडलेली केसाच्या जाडीची भोकं. त्यातून दोन्ही वायू जवळजवळ सारख्याच वेगाने जातात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून आत एक जेवढा कमी होईल तेवढा दुसरा वाढतो. १५ आणि ६, बेरीज २१. हा हिशोब मी आमच्या दहावीतल्या मुलीला घातला तर तिने मला मिठी मारली.

तुमची फिल्म लावलेली पहिली खेप आपली फसली. चोवीस पेट्या गेल्या, तिसऱ्या दिवशी तिकडून फोटो आले आणि त्याखाली नको ते शब्द. घरी ठेवलेल्या दोन पेट्यांचं झाकण फाडलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्याला ताडीचा वास येतोय." फळ दिसायला लालबुंद, एक डाग नाही. तोंडात घातलं तर जिभेला चुरचुरलं.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझी तयारी झालेली होती. तुम्ही आता काय बोलाल ते मला पाठ होतं. पाणी जास्त दिलं असेल, खत चुकलं असेल, तोडणी नीट झाली नसेल. तुम्ही फक्त विचारलंत, "काकी, एखादी डबी न फोडलेली राहिलीय का? तिला हात लावू नका. मी येते."

रात्री दोनला सांगलीहून निघालात आणि सहाला आमच्या बांधावर होतात. अंगात स्वेटर नव्हता. आमच्या जाऊबाईंनी शाल दिली ती तुम्ही डोक्यावरून घेतलीत, आणि मग त्या शालीतूनच एक हात बाहेर काढून तुम्ही सकाळभर फळांत थर्मामीटरची सुई खुपसत होतात. शेतातल्या बेडवरच्या फळात. शेडमधल्या फळात. नऊ वाजताच्या उन्हात पाटीत अर्धा तास राहिलेल्या फळात. टेम्पोत भरल्यावर. टेम्पोबरोबर पसरणी घाट उतरून वाईपर्यंत गेलात, तिथेही. नंतर परत येऊन त्या न फोडलेल्या डबीवर काळ्या रबराची टिकली चिकटवलीत आणि तिच्यातून आतली हवा मोजायच्या यंत्राची सुई आत घातलीत. ऑक्सिजन एकाच्याही खाली. कार्बन डायऑक्साइड २७. मी मनात बेरीज केली, २१ च्या पुढे गेली होती. म्हणजे आतलं फळ हवेविना तगमगत होतं. माझ्या पोटात गोळा आला.

व्यापाऱ्याचा माणूस तिथेच उभा होता. गटातल्या सगळ्या बायका होत्या. तो म्हणाला, "मी सांगत होतो ना, माल पाणीदार आहे." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. टेम्पोच्या फाळक्यावर तुमची ती चौकटीची वही उघडलीत. पानाच्या डोक्यावर तुमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, '४ अंश'. निळ्या पेनाने तुम्ही ते खोडलंत, शेजारी '२२' लिहिलंत. मग खाली एक ओळ लिहिलीत आणि वही माझ्याकडे फिरवलीत.

'फळ निर्दोष. हिशोब चुकला.'

तेवढंच. मग तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "फळ ४ अंशांवर असेल असं मी धरून चालले. कारखान्यात बसून धरलं. २२ अंशांवर फळ कितीतरी पटीने जास्त श्वास घेतं, आणि ही भोकं काही उन्हात मोठी होत नाहीत. मी काकींना विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

ताई, त्या वाक्यानंतर मी घरात जाऊन पाणी प्यायले, आठवतंय? मला तहान लागलेली नव्हती. मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. वीस वर्षं मी ह्या मातीत स्ट्रॉबेरी लावतेय. वीस वर्षांत शिकलेल्या, पदवी असलेल्या, गाडीतून आलेल्या एकाही माणसाने माझ्या बांधावर उभं राहून 'चूक माझी' असं म्हटलेलं नव्हतं. आणि 'फळ निर्दोष' हे तर कुणीच लिहून दिलेलं नव्हतं. तुम्हाला ती एक ओळ असेल. मी त्या रात्री ड्रिपचे कॉक तपासायला गेले नाही.

पुढचं सगळं तुम्ही केलंत, ते इथे काढत बसत नाही. भोकांची संख्या बदलली, तोडणी साडेआठला थांबवायची ठरलं, आणि झाकण लावायच्या आधी फळ थंड करायला गटाने कोल्ड रूम भाड्याने घेतली. थंड डबी बाहेर काढल्यावर झाकणाला आतून घाम यायचा आणि थेंब फळावर पडायचे, त्यासाठी वेगळी फिल्म दिलीत. तिच्यावर पाणी थेंब न होता पसरून जातं. तुमच्या मालकांनी चार रोल उधारीवर दिले, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. पण मला विचाराल तर माझा माल त्या फिल्मने नंतर वाचवला. मला त्याआधीच तुमच्या वहीने वाचवलं होतं.

चांगल्या माणसांची आठवण निघाली की एक दुसऱ्याला ओढून आणते. आमच्या गाडीचा ड्रायव्हर, कऱ्हाडकडचा आहे, त्याला तुम्ही एकदाच सांगितलं होतं की ढाब्यावर थांबलात तरी गाडीचा गारवा बंद करू नका. डिझेल जळतं म्हणून सगळे बंद करतात. तो करत नाही. परवा मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काकी, त्या मॅडमनी मला कारण सांगितलं. नुसता हुकूम दिला असता तर मी बंद केलं असतं." मी त्या दिवसापासून बघतेय, तोडणीच्या बायकाही पाटी उन्हात ठेवत नाहीत. त्यांनाही कारण माहीत आहे. त्यांना कुणी कधी कारण सांगितलंच नव्हतं. माणसाला समजतं असं धरून त्याच्याशी बोलणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे. आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांनी आम्हाला साधं पॉलिथीन विकलं त्यांचा मला राग आहे, अजूनही आहे. प्रश्न शेवटी विचारा म्हणणाऱ्यांचाही आहे. तो जाईल असं वाटत नाही, आणि मी घालवतही नाही. पण तो आता माझ्या फळावर आणि माझ्यावर निघत नाही.

तुमची वही त्या दिवशी मी मागणार होते, धीर झाला नाही. त्या पानाचा फोटो मिळाला तर पाठवा. घरात देवाच्या फोटोशेजारी लावायचं म्हणतायत सासूबाई, मी म्हटलं आधी विचारते.

उद्याच्या गाडीत तुमच्यासाठी एक पेटी ठेवतेय. ड्रायव्हर कऱ्हाडला उतरवेल, तिथून तुमच्या कारखान्याची गाडी येते असं तो म्हणाला. पेटीच्या कोपऱ्यावर शाईने तारीख घातली आहे आणि सुईसाठी रबराची टिकलीही लावली आहे, मीच लावली, वाकडी झालीय थोडी. घरी फ्रिजमध्ये ठेवा. नवव्या दिवसाच्या आत उघडू नका. उघडलीत की आधी वास घ्या, मग एक खा, मग मला फोन करा. आकडे नंतर सांगितलेत तरी चालतील.

तुमची,
काकी
(पाचगणीच्या वरच्या अंगाच्या, शाल अजून तुमच्याकडेच आहे ती राहू द्या)