मोरचूद किती घालायचं, काका?

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पुस्तकबांधणीचं दुकान बंद झाल्याचं मला फार उशिरा कळलं. गेल्या महिन्यात बडोद्याला आले होते, तेव्हा न्यायमंदिराच्या मागच्या गल्लीत शिरले. तुमच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. शेजारचे शिंपीदादा म्हणाले, काका मुलीकडे गेले, पत्ता काही ठेवला नाही. म्हणून हे असं जाहीर पत्र. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

मी कोण ते आठवणार नाही कदाचित. पुस्तक भिजवून आणणारी, दोन वेण्यांची, दांडिया बाजारातली. पाचवी संपवून सहावीत गेले होते. जुलैचा पाऊस, रावपुऱ्यात गुडघाभर पाणी, सायकल घसरली आणि हँडलची पिशवी पाण्यात. आत सेंट्रल लायब्ररीच्या बालविभागातलं चाच्यांच्या गोष्टींचं पुस्तक. बाहेर काढलं तेव्हा ते कोबीच्या गड्ड्यासारखं फुगलं होतं. दोन दिवस मी ते गादीखाली लपवलं (त्यामुळे ते आणखी बिघडलं, हे तुम्ही नंतर सांगितलंत). घरी बाबांना सांगायची हिंमत नव्हती. फ्रॉकच्या खिशात दोन रुपये घेऊन तुमच्या पायरीवर आले आणि रडायलाच लागले.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हशे, थाय. बेस." (असू दे, होतं असं. बस.) आपल्याकडची मराठी माणसं धीर देताना नेमकी गुजरातीवर का येतात, देव जाणे.

मी म्हटलं उन्हात वाळवू का, तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी चुलीत घालू का विचारलं होतं. उन्हात पानं वाकडी होतात. वर्तमानपत्रही घालायचं नाही, शाई उतरते. दर चार पानांमागे कोरा कागद, वर पाटी, पाटीवर वजन, आणि ते कागद ओलसर झाले की बदलायचे. शाळा सुटली की मी तेवढ्यासाठी यायचे. चौथ्या दिवशी तुम्ही जुना दोरा उसवलात, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून माझ्यापुढे ठेवलेत आणि म्हणालात, नंबर लाव. मग दाभणानं भोकं, नवी शिवण, पुठ्ठा, खळ, आणि रात्रभर शिकंज्याचा दाब. खळीचा तो आंबूस वास आणि त्यातल्या मोरचुदाची (तांब्याच्या निळ्या क्षाराची) निळसर झाक अजून डोळ्यापुढे आहे. मैद्याची खळ म्हणजे झुरळांची मेजवानी, म्हणून मोरचूद, एवढं सांगितलंत. किती घालायचं ते नाही सांगितलं.

पुस्तकावरचा शिक्का बघून तुमची कळी खुलली होती. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावलं, राज्यभर वाचनालयं उभी राहिली, आणि गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. त्या पेट्यांतली पुस्तकं तुमच्या आजोबांच्या हातची होती म्हणे. तुम्ही हे सांगत असताना मला मात्र एकच चिंता: दंड किती होईल?

दोन रुपये तुम्ही घेतले नाहीत. म्हणालात, "लायब्ररीत जाऊन तूच सांगायचं. मी बाहेर उभा राहतो." आणि खरंच मांडवी दरवाज्याखाली छत्री घेऊन उभे राहिलात, दुकान अर्धवट उघडं टाकून. आत वरच्या मजल्याच्या काचेच्या जमिनीतून चालणाऱ्यांच्या सावल्या खाली पडत होत्या, आणि प्रत्येक सावली मला पकडायलाच येतेय असं वाटत होतं. बाईंनी पुस्तक उलटसुलट पाहिलं. "बांधलं कुणी?" मी खिडकीतून बोट दाखवलं. दंड झाला नाही. तुम्ही बाहेर विचारलंत, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही. तुम्ही म्हणालात, मग चल, शेवउसळ खाऊ. (पुण्यात बावीस वर्षं काढली, तरी मिसळ ही मला अजून रुसलेली शेवउसळच वाटते.)

पण आभार मानायचे आहेत ते याचे नाहीत. म्हणजे याचेही आहेतच.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे येऊन बसायचे. चोपडापूजनाचे, म्हणजे हिशेबाच्या वह्या पुजायचे दिवस, लाल कापडाच्या चोपड्यांची थप्पी छताला लागलेली, तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही. एका वकिलांचे वर्षभराचे कायद्याचे अंक बांधायचे होते. मी हट्टानं शिवायला घेतले. त्यातला एक अंक उलटा शिवला गेला. कोणाच्याच लक्षात आलं नाही. आठवड्यानं वकीलसाहेब तो ग्रंथ घेऊन आले आणि पायरीवरूनच सुरू झाले: भर कोर्टात पुस्तक उलटं धरून वाचायची वेळ आली, लोक हसले. मी कोपऱ्यात घड्या घालत होते. हात थांबले.

तुम्ही उठलात, ग्रंथ घेतलात आणि म्हणालात, "चूक माझी. संध्याकाळी घेऊन जा."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. ते गेल्यावर कात्री माझ्यापुढे सरकवलीत. मी सगळी शिवण उसवली, तुम्ही शेजारी बसून चोपडे शिवत राहिलात. त्या दिवसाबद्दल नंतर कधी एक शब्द निघाला नाही.

मी आता हिशेबतपासणीच्या कामात आहे. मागच्या मार्चमध्ये आमच्याकडच्या एका नव्या मुलानं एका पत्रकात दोन रकाने अदलाबदल केले आणि ते तसंच बाहेर गेलं. मीटिंगमध्ये विचारणा झाली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माझ्याकडून राहिलं." बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. मी काही मोठ्या मनाची वगैरे नाही, घरी विचारा. पण तो पोरगा घड्या घातल्यासारखा कागद चाळत बसला होता, मान खाली, आणि त्याचे हात थांबले होते.

संध्याकाळी पत्रक त्यालाच पुन्हा नव्यानं करायला लावलं. शेजारी बसले.

सुट्टी संपताना तुम्ही मला उरल्यासुरल्या कागदांची एक वही बांधून दिली होती, चोपड्याच्या लाल कापडात. मधला एक फर्मा मुद्दाम उलटा शिवलेला. तेव्हा मला राग आला होता. आता त्या वहीचा कणा सुटलाय. बाहेर बांधायला टाकवत नाही, म्हणून परवा घरीच खळ केली. गुठळ्या झाल्या, पण चालेल. दोरा आहे, दाभण आहे, उलटा फर्मा उलटाच ठेवणार आहे.

फक्त ते मोरचूद. तुम्ही नुसतं बोटांनी टाकायचात, मोजलेलं कधी पाहिलं नाही. पाव किलो मैद्याला किती? काकांना हे वाचून दाखवणाऱ्यानं तेवढं विचारून कळवावं.

तुमची,
दांडिया बाजारातली दोन वेण्यांची