घरच्या टेबलावरचे पहिले सेशन

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन पहिल्यांदा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचा खेळ खेळवायचे तू ठरवले आहेस आणि त्यासाठी नियमांचे पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतले आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले. ते पुस्तक तू आता मिटून ठेवावेस, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. गेल्या रविवारी मी आई, बाबा, धाकटी बहीण आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा अशा चौघांना खेळवले. मित्रांना इतकी वर्षे खेळवूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्या अडीच तासांत आले. घरच्यांना नियम अवघड जात नाहीत. अवघड जाते ते घरात वर्षानुवर्षे ठरून गेलेली आपापली जागा सोडणे. बाबा ठरवतात, आई सांभाळून घेते, बहिणीचे लक्ष मुलाकडे असते; आणि टेबलाभोवती बसल्यावरही हे सगळे तसेच चालू राहते. पहिल्या सेशनमध्ये गेम मास्टरचे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचे, खरे काम म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला पुरेसा अवधी मिळवून देणे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आधी माझी चूक सांगतो. सामर्थ्य, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व हे पात्राचे सहाही गुण आणि त्यांचे अंक मी सुरुवातीलाच समजावून सांगायला लागलो. सगळे आदराने ऐकत होते. पण आईने कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, परीक्षेच्या पेपरासारखी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आता आपल्याला काहीतरी विचारतील आणि ते चुकेल, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी तिथेच थांबलो आणि एवढेच सांगितले, की तुम्ही काय करता ते बोला, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हाच फासा टाका. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यावर हजारो पानांचे नियम लिहिले गेले. पण पहिल्या संध्याकाळी या एका वाक्यापलीकडे घरच्यांना काही लागत नाही. बाकीचे ज्या क्षणी गरज पडेल त्या क्षणी सांगावे. तसे सांगितलेले लक्षातही राहते.

पात्रे मी आधीच तयार करून नेली होती, तूही तसेच कर. बाबांना वाटाड्या तिरंदाज, आईला उपचारक, बहिणीला चोरपावलांनी वावरणारी हेर आणि भाच्याला योद्धा अशी पात्रे दिली. नावे मात्र ज्याची त्याला ठेवू दिली, कारण नाव ठेवले की ते पात्र आपले वाटू लागते. कथा अगदी लहान होती. नदीकाठच्या एका गावात धुक्यात सापडलेल्या होड्यांना दिशा कळावी म्हणून वाजवली जाणारी घंटा चोरीला गेली आहे, ती परत आणायची.

खेळ सुरू होण्यापूर्वी गोष्टीत काय नको तेही प्रत्येकाला विचारून घे. जॉन स्टाव्रोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड, म्हणजे फुलीची खूण असलेले एक साधे कार्ड, मी टेबलाच्या मधोमध ठेवले होते. गोष्टीतले काही खटकले तर त्यावर बोट ठेवायचे. कारण सांगावे लागत नाही, आणि तो भाग वगळून खेळ पुढे जातो. बहिणीने आधीच सांगितले, की जनावरे मारायला लागू नयेत. माझ्या दुसऱ्या प्रसंगात लांडगे होते. ते काढून मी तिथे तुटका पूल घातला. आपल्या माणसांना काय सोसत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण गृहीत धरतो. मला हे ठाऊक नव्हते.

आता बाबांविषयी. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी स्वतःचे एक पाऊल उचलले नाही, पण बाकी तिघांची सगळी पावले ठरवून टाकली. ते प्रेमापोटीच बोलत होते. मात्र त्यामुळे भाचा प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला होता. त्यांना गप्प बसवण्याऐवजी मी दोन गोष्टी केल्या. पूर्वीच्या खेळाडूंमध्ये एकाकडे नकाशा काढण्याचे काम असे, ते मी बाबांकडे सोपवले. दुसरे म्हणजे प्रश्न विचारताना माणसाचे नाव न घेता पात्राचे नाव घ्यायला सुरुवात केली आणि कोण कुठे उभे आहे ते प्रत्येक वेळी सांगू लागलो. 'तुमचा वाटाड्या पुलाच्या अलीकडे आहे, पलीकडचे बोलणे त्याला ऐकू येत नाही,' असे म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली आणि पेन्सिल उचलली. लढाईतही चपळाईच्या फाशाने क्रम ठरवण्याच्या फंदात न पडता बसल्या जागेवरून फेरी घेतली, म्हणजे कमी बोलणाऱ्याची पाळी हुकत नाही.

एक हिशेब मात्र आधीच करून ठेव. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, १५ असतो. भाच्याच्या योद्ध्याला हल्ल्याच्या दानात ५ मिळवता येत होते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा त्याहून मोठे दान पडले तरच वार लागणार. ही शक्यता ५५ टक्के. अनुभवी खेळाडूला ते ठीक आहे, पण दहा वर्षांच्या मुलाचे लागोपाठ दोन वार फुकट गेले की त्याला तलवार नकोशी होते. मी आर्मर क्लास १२ वर आणला, तेव्हा ती शक्यता ७० टक्क्यांवर गेली.

आणि आता ज्या प्रसंगासाठी हे सगळे सांगितले तो. पुलाखाली घंटा उराशी धरून बसलेला एक गॉब्लिन त्यांना सापडला. भाचा वार करायला उतावीळ होता, बहीण मागून वेढा घालत होती. आईची पाळी आली आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, 'मी काय करायला हवं?' उत्तर माझ्या ओठांवर आले होते, पण मी थांबलो. तो थांबा फार लांबला. बाबा बोलायला गेले आणि स्वतःहूनच थांबले. मग आईने विचारले, 'तो एकटाच आहे का रे?' मी होय म्हणालो. 'मग मी त्याच्यासमोर खाली बसते आणि विचारते, ही घंटा तुला कशाला हवी?'

हा प्रश्न माझ्या तयारीत कुठेच नव्हता. त्याने उत्तर द्यावे यासाठी मी १५ चे लक्ष्य ठरवले. आईला दानात २ मिळवता येत होते, म्हणजे १३ किंवा वर पडायला हवे, शक्यता ४० टक्के. तेवढ्यात बाबा म्हणाले, 'माझा वाटाड्या धनुष्य खाली ठेवतो, म्हणजे त्याला भीती वाटणार नाही.' ही मदत धरून मी आईला दोन फासे टाकून त्यांतले मोठे दान घ्यायला सांगितले, आणि शक्यता ६४ टक्के झाली. पहिल्या फाशावर ४ आले. दुसरा घरंगळत जाऊन बाबांच्या नकाशाच्या वहीला टेकून तिरका थांबला. तिरके दान धरायचे नाही म्हणून तिने तो पुन्हा टाकला, तर ९ पडले. दोन मिळवून ११.

आईचा हात फाशावरच राहिला. आपल्यामुळे सगळ्यांचे नुकसान झाले, असे तिला वाटत होते. इथे 'जमले नाही' म्हणून मी पुढच्याकडे वळलो असतो तर तिने पुन्हा तोंड उघडले नसते, याची मला खात्री आहे. फसलेल्या दानानेही गोष्ट पुढे सरकली पाहिजे. म्हणून गॉब्लिन मागे सरकला, घाबरून त्याने घंटा वाजवली, त्याचे सोबती येण्याची चाहूल लागली, आणि पळता पळता तो ओरडला, 'आमच्याही नावा धुक्यात हरवतात!' टेबलावर कोणी बोलेना. मग भाच्याने तलवार म्यान केल्याचे सांगितले, तेही कोणाकडे न पाहता.

तिसऱ्या प्रसंगापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. तू दोनच प्रसंगांची तयारी कर. घरचे आपल्या अंदाजापेक्षा फार सावकाश खेळतात, आणि त्यांना तसे खेळू द्यावे.

बुधवारी आईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, 'त्या गॉब्लिनांच्या नावा शेवटी काठाला लागल्या का?' मी ते ठरवलेले नव्हते, आणि तिला तसेच सांगितले. येत्या रविवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत. तुझ्या घरच्यांसाठी केलेल्या शीट तयार झाल्या की मला पाठव, आजोबांची आवर्जून. ते फारसे बोलत नाहीत असे तू लिहिले आहेस, तेव्हा त्यांचे पात्र आपण दोघे मिळून पाहू.

तुझा मित्र