छाप्याच्या रात्रीनंतर काय होतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानवी तस्करीविरुद्ध झटणाऱ्या धार्मिक संस्थांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. कुंटणखान्याचं दार फोडलं, मुली बाहेर आल्या, प्रार्थना झाली आणि लेख संपला. 'देवदूत' हा शब्द चार ठिकाणी आहे, 'गृहचौकशी', म्हणजे मुलगी सोपवण्याआधी तिच्या घरी जाऊन केलेली चौकशी, हा शब्द एकदाही नाही. माझा राग त्यावर आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावी लागते, सज्ञान असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे. पहिला घोळ वयाचाच. 'बावीस वर्षांची आहे, मर्जीने आले' हे घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, पाठ करून घेतलेलं असतं. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, असा क्रम बालन्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये आहे. चाचणीत दोनेक वर्षं इकडची तिकडे होतात आणि तेवढ्यात खटला निसटतो. म्हणून त्या दाखल्यासाठी कुणालातरी झारखंडातल्या नाहीतर बंगालमधल्या शाळेत स्वतः जाऊन बसावं लागतं.

मग एखादी 'मावशी' आधार कार्ड घेऊन ताबा मागायला येते. पिटा कायद्याच्या (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) कलम 17अ प्रमाणे दंडाधिकारी आई-बाप, पालक किंवा नवऱ्याकडे सोपवण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून चौकशी करवून घेऊ शकतात. ही चौकशी फोनवर उरकली की मुलगी विकणाऱ्याच्याच घरी परत जाते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या शहरात सापडते, सापडली तर. घरात कोण कोण राहतं, मुंबईला घेऊन गेलेली बाई त्या घराची कोण लागते, कर्ज कुणाचं आहे, शेजारपाजारच्या किती मुली 'कामाला' गेल्यात, हे सगळं समोर बसून विचारावं लागतं. पोलिसांची गाडी दाराशी नेली तर गावभर बोभाटा होतो आणि मुलीला तिथं तोंड दाखवणं मुश्किल होतं.

धर्मसंस्थांचं खरं बळ इथं आहे. 2009 साली उभं राहिलेलं कॅथलिक सिस्टरांचं 'तालिथा कुम' आणि भारतातलं 'अमरात' ही तस्करीविरुद्धची जाळी घ्या. ज्या पाड्यावर सरकारी समाजसेवक क्वचित फिरकतो, तिथं सिस्टर दवाखाना नाहीतर शाळा चालवत असतात. कुठल्या घरी दलाल येऊन गेला हे त्यांना मुंबईच्या पोलिसांआधी कळतं. व्हॅटिकनमध्ये 2 डिसेंबर 2014 रोजी पोप फ्रान्सिस, माता अमृतानंदमयी आणि बौद्ध, ज्यू, मुस्लिम धर्मीयांच्या प्रतिनिधींनी 2020 पर्यंत गुलामगिरी संपवण्याच्या घोषणापत्रावर सह्या केल्या. ते साल केव्हाच उलटलं. पाड्यावरच्या एका सिस्टरचा दोन पानी चौकशी अहवाल मला त्या सह्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

लेखकाने 1996 चा फेब्रुवारी तरी आठवायचा होता. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात छापे पडले, चारशेहून अधिक मुली ताब्यात घेतल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ. ठेवायचं कुठं, पाठवायचं कुणाकडे, याची तयारीच नव्हती. त्या महिनोन्‌महिने सरकारी गृहांत अडकल्या. नेपाळ सरकार परत घ्यायला तयार होईना, शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुली नेल्या. सज्ञान बाईला तर मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवताच येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. तिला आपणहून राहावंसं वाटेल अशी जागा लागते, हाताला काम लागतं. पंडिता रमाबाईंना केडगावात हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

छाप्यात जाणाऱ्या स्वयंसेवकांनाही सांगायचं आहे. झडतीला दोन पंच लागतात, त्यांत एक तरी स्त्री. दर वेळी तेच पंच आले तर बचावाचा वकील त्यांना 'ठरलेले पंच' म्हणून मोडीत काढतो. परदेशातून चार महिन्यांसाठी आलेल्याला पंच केलंत, तर साक्षीच्या तारखेला तो देशात नसतो. आणि निवाऱ्यातल्या जेवणाला, अंथरुणाला प्रार्थनेची अट कधीही घालू नका. ते मुलीवर अन्यायाचं आहेच, शिवाय 'हिला संस्थेने पढवलंय' म्हणायला कोर्टात आयतं निमित्त मिळतं. ज्यांना प्रार्थना करायची त्यांनी जरूर करावी. या कामात वर्षानुवर्षं टिकून राहिलेले बरेचसे लोक तिच्याच बळावर टिकलेत.

आता फोटो. मुलीचा चेहरा तुम्ही धूसर केलात, पण हातावरचं गोंदण स्पष्ट दिसतं. खाली तालुका छापलात, बापाचा धंदा छापलात. त्या तालुक्यात तिला ओळखायला आणखी काय लागतं? बालन्याय कायद्याचं कलम 74 आणि पोक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 वाचा. नाव, पत्ता, शाळा, कुटुंबाचा तपशील, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. आज दुपारपर्यंत तो फोटो तुमच्या ई-पेपरवर होता. माझं पत्र छापलं नाहीत तरी चालेल. फोटो आणि त्याखालच्या ओळी आज रात्रीच्या आत काढा.

— एक वाचक, भायखळा, मुंबई