फोटोखाली कॉन्ट्रॅक्टरचं पण नाव टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून भारी भारी मॉडर्न घरांचे फोटो येतात, खाली आर्किटेक्टचं नाव असतं, पण ज्याने ते घर उभं केलं त्याचं नाव मी तरी कधी पाहिलं नाही. आमच्या मखमलाबाद रोडच्या प्लॉटवर घर बांधताना हे फार जाणवलं, कारण आर्किटेक्ट शोधायला आम्हाला पंधरा दिवस लागले आणि कॉन्ट्रॅक्टर शोधायला सात महिने.

नाशिकमध्ये कुणालाही विचारा, पहिला प्रश्न एकच, फुटाला काय रेट लावला? आम्ही पण तसंच केलं. तिघांनी १८५०, २१०० आणि २६०० सांगितले आणि अर्थातच आम्ही १८५० वाल्याला घेतलं. नंतर कळलं की त्याच्या रेटमध्ये पाण्याची खालची टाकी नाही, कंपाउंड नाही, टेरेसचं वॉटरप्रूफिंग नाही, स्टील फुटाला साडेतीन किलोच धरलेलं आणि ड्रॉइंगमध्ये तर सहा फूट बाहेर आलेली बाल्कनी, जिला स्टील जास्तच लागतं. खोदाईत काळी माती जास्त निघाली, मुरूम खोल लागला, ते पण एक्स्ट्रा. शेवटी हिशोब केला तर २६०० वाला स्वस्त पडला असता!

त्यातून हॉलचा स्लॅब वीस फुटी, आणि हा सातव्या दिवशी टेकू काढायला निघाला, का तर जॅकचं भाडं चढतंय. आर्किटेक्ट मॅडम साइटवर होत्या म्हणून वाचलो. साडेचार मीटर, म्हणजे साधारण पंधरा फुटांपेक्षा मोठ्या स्पॅनच्या स्लॅबला टेकू किमान १४ दिवस ठेवायचे हे आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, स्पष्ट लिहिलंय म्हणे, पण ते वाचणारा साइटवर हवा ना. तिथेच त्याचं काम थांबवलं.

दुसऱ्या वेळी मॅडमनी सांगितलं तसं केलं. आधी बीओक्यू बनवून घेतला, म्हणजे खोदाई किती, काँक्रीट किती, विटकाम किती ब्रास, खिडक्या कोणत्या सेक्शनच्या, सगळं आयटमवार, आणि चौघांना तोच कागद देऊन समोर रेट भरायला लावले. तेव्हा पहिल्यांदा समजलं कोण कुठे कमी दाखवतोय. एकाने काँक्रीटचा रेट इतका कमी भरला होता की तो सिमेंट कुठून आणणार हाच प्रश्न पडला.

पण खरी गोष्ट रेटची नाहीच. जुन्या पद्धतीच्या घरात चुका झाकायला जागा असते, भिंत थोडी ओळंब्यात नसली तर प्लास्टर जाड मारतात, फरशी आणि भिंतीचं जमलं नाही तर स्कर्टिंगची पट्टी येते. आमच्या डिझाइनमध्ये स्कर्टिंग भिंतीच्या लेव्हलमध्ये, छताला पीओपी नाही, जिन्याची भिंत एक्स्पोज्ड काँक्रीटची. त्यात हनीकोंब, म्हणजे काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेली भोकं, आला की तो कायमचा, वरून गिलावा मारून चालत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाला चार बाय चार फुटाचा एक नमुना ओतून दाखवा म्हटलं, पैसे आम्ही देतो. दोघांनी नकारच दिला, एक हसला, चौथ्याने दोनदा करून दाखवला. पहिला नमुना खराब आला तेव्हा साच्याच्या प्लायच्या जॉइंटमधून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळाली हे त्याने स्वतःहून सांगितलं. त्यालाच काम दिलं.

त्याने बांधलेली दोन घरं पण बघून आलो, मालकाशी बोललो, कॉन्ट्रॅक्टर सोबत नसताना. नवीन घर बघून काही कळत नाही, किमान दोन पावसाळे गेलेलं बघावं. आणि सेंट्रिंगवाला, मिस्त्री त्याचे स्वतःचे आहेत की दर साइटला नवीन, हे पण विचारावं, सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे चांगली लेबर मिळणं तसंही अवघड झालंय. करारात बिलाचे ५ टक्के वर्षभर अडकवून ठेवायचं ठरलं, त्यावर त्याने कटकट केली नाही. अॅडव्हान्स मात्र मोजकाच, बाकी झालेलं काम मोजून बिल. सासरे म्हणाले एवढा अविश्वास बरा नाही, पण पहिल्या वेळी विश्वासच ठेवला होता की.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी घर छापाल तेव्हा कॉन्ट्रॅक्टर आणि मुख्य मिस्त्रीचं नाव खाली टाका, आणि फोटो शक्यतो ऑगस्टमध्ये काढा.

एक वाचक,
मखमलाबाद रोड, नाशिक